गोकारची आई

झो घेताना तीन गोष्टी बघायच्या असतात: दात, खूर आणि आई. दात वय सांगतात. खूर सांगतात, ओझं किती वर्षं वाहील. आणि आई सांगते, बर्फात त्याच्यामागून जायचं की नाही.

झोचे आईबाप दोन जातींचे असतात. बाप याक असेल तर आई गाय, आणि बाप बैल असेल तर आई याकीण. तीन वर्षांचे झाले की दोन्ही झो सारखेच दिसतात. शिंगांवरून ओळखतो म्हणणारे पुष्कळ, पण पैज लावायला कुणी पुढे येत नाही. फरक असतो तो शिकवणीचा. याकिणीचं वासरू पहिल्याच उन्हाळ्यात आईमागून हिमनदीवर चढतं. आई बर्फ हुंगते, फुरफुरते, एक पाय टेकून बघते आणि मगच पुढे जाते. वासरू तिच्या पावलात पाऊल ठेवतं, आणि ते त्याच्या अंगात मुरतं. गाईचं वासरू वाढतं गोठ्याच्या दाराशी. त्याला दार कळतं, माणूस कळतो. बर्फाखाली काय आहे, हे त्याला कोण शिकवणार?

आमच्या खुंबूत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं.

त्या वर्षी आम्ही खिंडीपलीकडच्या तिंग्रीहून मीठ घेऊन घरी निघायच्या बेतात होतो. आम्ही म्हणजे मी, माझ्या सासूबाई ग्याल्मु, त्यांचे धाकटे भाऊ उर्क्येनमामा आणि माझी पाच वर्षांची कीकुली. कीकुली म्हणजे कुत्रीचं पिल्लू. तिच्या आधीची माझी दोन मुलं अंगावर पीत असतानाच गेली होती, म्हणून वाईट नजरेला चकवायला हे नाव ठेवलं होतं. माझा नवरा मोठ्या तांड्याबरोबर आधीच खिंड ओलांडून गेला होता. सासूबाईंना ताप भरला म्हणून आम्ही मागे राहिलो, आणि त्यातच आमचा जुना वाटाड्या झो लंगडा झाला.

"बदलून आण," सासूबाई अंथरुणातूनच म्हणाल्या. "गल्लीच्या टोकाला त्या डोल्करकडे एक आहे म्हणतात. दात बघ, खूर बघ, आई विचार. काय सांगितलं?"

"दात, खूर, आई."

"आणि चहा पीत बसू नकोस."

मी चहा पीत बसले. डोल्कर बोलकी होती, चुलीपाशी ऊब होती आणि चहात लोणी सढळ होतं. मी दात बघितले, खूर बघितले. झो मोठा देखणा होता. काळं अंग, पांढरं डोकं. म्हणून त्याचं नाव गोकार, पांढऱ्या डोक्याचा. आम्ही बोलत होतो तर त्यानं सरळ उंबऱ्यातून डोकं आत घातलं आणि डोल्करची बाही चाटायला लागला. कीकुली खिदळली. डोल्करनं तिच्या तळहातावर चिमूटभर मीठ ठेवलं आणि तिला हाक शिकवली: "शो बाळा, शो." झोनं तिच्या हातावरचं मीठ चाटलं आणि डोळे मिटून उभा राहिला. मीही हसले. याकिणीचं वासरू कधी कुणाच्या उंबऱ्यात डोकं घालत नाही, हे त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही. दावं माझ्या हातात देताना डोल्कर रडायला लागली, त्याच्या शिंगांना लोणी लावायला लागली, मला काय बोलावं कळेना, आणि मी निघाले.

मुक्कामावर आल्याबरोबर सासूबाईंनी उलटतपासणी घेतली.

"दात?"

"सहा वर्षांचा आहे."

"खूर?"

"दगडासारखे."

"आई?"

गल्लीचं टोक काही दूर नव्हतं. जाऊन विचारून आले असते तर चहा गार व्हायला लागतो तेवढाही वेळ लागला नसता. पण मामा कोपऱ्यात बसून ऐकत होते, आणि सासूबाईंचा टोमणा एकदा लागला की तो वर्षभर पुरत असे. लग्नानंतर एकदा माझे बटाटे करपले होते, ते त्या अजून वाढत होत्या.

"याकीण," मी म्हटलं.

"मग बरंय," त्या म्हणाल्या आणि कुशीवर वळल्या.

पहिले दोन दिवस नीट गेले. वाटेवर खुणेच्या दगडांच्या राशी होत्या, मामा पुढे होते आणि त्यांना ही वाट झोपेतही सापडली असती. खिंडीवर पोचलो त्या रात्री बर्फ पडला. तिसऱ्या दिवशी आभाळ निवळलं आणि सगळं इतकं लखलखायला लागलं की उघड्या डोळ्यांनी बघवेना. आम्ही दोघींनी डोळ्यांवर याकच्या केसांची जाळी बांधली; मामांनी आपली काढून कीकुलीच्या डोळ्यांवर बांधली. "मला काय करायचीय? मी आधीच सगळं बघितलंय," म्हणाले. चौथ्या दिवशी सकाळी ते उठले आणि त्यांना काही दिसेना. डोळे सुजून लाल झाले होते, पाणी थांबत नव्हतं.

"दोन दिवसांत उतरेल," ते म्हणाले. "पूर्वीही झालंय मला."

"चारा दोन दिवस पुरणार नाही," सासूबाई म्हणाल्या. "आणि तिकडे बघ." त्या दाखवत होत्या ते मामांना दिसणार नव्हतं. मला दिसलं. खालच्या दरीतून ढग वर येत होता.

खिंड आम्ही उतरलो होतो. पुढे दिवसभराची हिमनदी होती, नुसती सपाट आणि पांढरी. दगडांच्या राशी नव्या बर्फाखाली गेल्या होत्या. भेगाही बर्फाखाली होत्या. आमच्याजवळ दोन जनावरं होती. एक आमची म्हातारी झोमो, म्हणजे मादी झो. ती गाईची लेक, हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून तिची जागा कायम मागे. आणि दुसरा गोकार.

"याला पुढे सोड," सासूबाई म्हणाल्या. "दावं ढिलं ठेव. याकिणीचं दूध प्यायलाय, तो नेईल. आणि पोरीला त्याच्यावर बांध."

"त्याच्यावर?"

"मग काय माझ्या खांद्यावर? ज्याच्यावर भरवसा, त्याच्यावर लेकरू."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण मनाला दुसराच विचार सुचला: असेलही याकिणीचा. मी विचारलं नाही म्हणजे तो गाईचाच आहे असं थोडंच आहे? भ्यालेलं माणूस स्वतःला किती लवकर पटवतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. मी कीकुलीला घोंगडीत गुंडाळून टोपलीत बसवलं आणि टोपली गोकारच्या एका बाजूला बांधली. तोल राहावा म्हणून दुसऱ्या बाजूला मिठाचं पोतं बांधलं. गाठ मला दोनदा सोडून पुन्हा मारावी लागली.

"आई, तुला थंडी वाजतेय?" कीकुलीनं विचारलं.

"हो."

गोकार पुढे, त्याच्या मागे दावं धरून मी, मग सासूबाई, मग झोमो आणि तिच्या शेपटीला धरून मामा. असे आम्ही निघालो. थोड्याच वेळात ढगानं आम्हाला गिळलं. खाली पांढरं, वर पांढरं, आणि मधे गोकारचं काळं ढुंगण तेवढं दिसत होतं. वारा पडला होता. माझाच श्वास मला मोठ्यानं ऐकू येत होता.

"यांगजी," मागून मामा ओरडले, "तुला काय दिसतंय?"

"काही नाही, मामा."

"मग आपण सारखेच झालो. मला वाटलं मीच बिचारा."

मला हसू आलं नाही. मी गोकारकडे बघत होते. तो बर्फ हुंगत नव्हता. डोकं वर धरून सरळ पाऊल टाकत होता, गावातल्या गल्लीत टाकावं तसं. आणि दर थोड्या वेळानं मान वळवून मागे बघत होता. पांढरं डोकं, दोन काळे डोळे. तो बघायचा, मी त्याच्याकडे बघायची, तो पुन्हा चालायला लागायचा.

मी प्रत्येक पावलाला मनात म्हणत होते, हे टिकलं, आता पुढचं. टोपलीतून कीकुलीचं गाणं ऐकू येत होतं. ती गायची थांबली की माझा जीव वर यायचा.

"हा सारखा मागे का बघतोय गं?" सासूबाईंनी विचारलं.

"नवीन आहे. आपल्याला बघत असेल."

"याकिणीचा झो मागे बघत नाही. माणूस मेला की जगला, त्याला फिकीर नसते."



बराच वेळ गेला, आणि बर्फावर काहीतरी काळं दिसलं. शेण! ताजं. त्याच्याभोवती खुरांचे ठसे. माझा सगळा ऊर एकदम हलका झाला.

"आई! पुढे कुणीतरी गेलंय! तांडा आहे पुढे!"

"आण इकडे," मामा म्हणाले.

"काय?"

"शेण आण. मला दिसत नाही, हात आहेत ना."

मी ते नेऊन त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते बोटांनी फोडलं, चोळलं, नाकाशी नेलं. त्यांचा चेहरा बदलताना मी पाहिला.

"सातूच्या भुश्यात वाटाण्याच्या शेंगा," ते हळू म्हणाले. "काल संध्याकाळी मी माझ्या हातानं झोमोला घातल्यात. हे आपलंच आहे, ताई. आपण फिरून तिथंच आलोय."

मग सासूबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. ताप उतरल्यापासून त्यांचा चेहरा लहान झाला होता.

"यांगजी. त्याची आई कोण?"



"मी विचारलं नाही."

"तू मला सांगितलंस."

"मी खोटं सांगितलं."

मला वाटलं, आता त्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त टोपलीकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाल्या, "म्हणजे आपण त्याच्यामागे चालतोय, आणि तो आपण सांगू तिकडे चालतोय. आधी पोरीला खाली घे."

मी पुढे धावले तर दावं त्याच्या ढुंगणावर बसलं. त्याला वाटलं, चल म्हणाले. त्यानं पाऊल टाकलं आणि बर्फ बसला.

आवाज फार मोठा झाला नाही. उशी दाबली की होतो तेवढाच. गोकारचे पुढचे दोन्ही पाय आत गेले, छाती काठावर आपटली, मागचं धड वर राहिलं. त्याच्या पुढ्यात बर्फ उघडला होता आणि आत निळं, खोल निळं, खाली काळं होत गेलेलं. टोपली घसरून त्याच्या खांद्याशी आली होती. ती त्या निळ्यावर लोंबत होती. खोगीर पुढे जाऊ नये म्हणून शेपटीखालून घेतलेली एकच दोरी तिला धरून होती, आणि ती दोरी करकरत होती.

"आई," कीकुली म्हणाली. रडत नव्हती. "खाली भोक आहे."

"हलू नकोस. कीकू, अजिबात हलू नकोस."

"मी नाही हलत. तो हलतोय."

गोकार धडपडायला लागला होता. मागचे पाय झाडत होता, आणि दर झटक्याला काठाचा एक तुकडा खाली जात होता. तो पडल्याचा आवाजही येत नव्हता.

"उर्क्येन, शेपटी धर त्याची!" सासूबाई ओरडल्या.

"कुठेय शेपटी?"

त्यांनी भावाचा हात धरून शेपटीवर नेऊन ठेवला. मामांनी टाचा रोवल्या आणि मागे रेलले. "मला दिसत नाही ते बरंय," असं काहीसं पुटपुटले.

मी पोटावर सरपटत पुढे निघाले. टोपलीची दोरी कापावी तर दुसऱ्या बाजूचं मीठ त्याला ओढून उलटं करणार. मीठ आधी कापावं तर टोपली खाली जाणार. दोन्ही एकदम कापायला हवं, आणि तोवर तो स्थिर राहायला हवा. याकिणीचा झो अशा वेळी कुणाचं ऐकत नाही. तो स्वतःच्या जोरावर निघतो नाहीतर जातो. हा कुणाचा होता? त्याच क्षणी मला त्याचं उंबऱ्यातलं डोकं आठवलं. मीठ चाटून मिटलेले डोळे आठवले.

"कीकू," मी म्हटलं. "त्या बाईनं शिकवलेली हाक मार. तशीच मार."

"मीठ नाहीये माझ्याकडे."

"नसू दे. हळू मार."

आणि माझी लेक त्या निळ्या भोकावर लोंबत, गोठ्यात बसल्यासारखी म्हणाली, "शो बाळा, शो. शो बाळा, शो."

गोकारचे कान हलले. त्यानं एक झटका दिला, अर्धा. मग नाकपुड्यांतून मोठा श्वास सोडला आणि थांबला. त्याची सगळी कातडी थरथरत होती, पण पाय थांबले. तो वाट बघत होता. माणूस काहीतरी करील, अशी त्याची खात्री होती. तो तेवढंच शिकला होता.

सासूबाई पलीकडून सरपटत आल्या. त्यांच्या हातात सुरी होती, माझ्याही हातात होती. मी डाव्या हाताची मूठ टोपलीच्या वेतात इतकी रुतवली की त्याचे व्रण अजून आहेत.

"शो बाळा, शो," कीकुलीचं चालूच होतं.

"तीन म्हटलं की," सासूबाई म्हणाल्या. "एक, दोन—"

दोन्ही दोऱ्या एकदम सुटल्या. मीठ गेलं. टोपली माझ्या हाताला लटकली, खांद्यात कळ गेली, आणि मी ती ओढली. कशी ओढली, ते मला आठवत नाही. कीकुली माझ्या अंगावर पडली तेव्हा तिचं नाक माझ्या गळ्यात गार लागलं. गोकार ओझं गेल्यावर हलका झाला. मामांनी शेपटी ओढली, सासूबाईंनी "शो, शो" म्हणत दावं मागे खेचलं, आणि तो गुडघे टेकत, धापा टाकत मागे सरकला आणि बाहेर आला.

आम्ही सगळे बर्फातच बसलो. मी कीकुलीची बोटं मोजली, पायांचीही मोजली. पुन्हा मोजली. भीती गेली नव्हती. आम्ही अजून त्याच पांढऱ्यात होतो, आणि आता पुढे सोडायला कुणीच नव्हतं.

"घर कुठल्या अंगाला?" सासूबाईंनी विचारलं.

कुणाला ठाऊक होतं?

मग मामा म्हणाले, "ताई, तो आता कुठे बघतोय?"

"कोण?"

"गोकार. आपण बसलोय, कुणी चालत नाही. आता कुठे बघतोय?"

मी बघितलं. गोकार आमच्याकडे बघत नव्हता. मान वळवून तो ढगात एकाच ठिकाणी बघत होता. मी त्याचं तोंड धरून दुसरीकडे फिरवलं. सोडल्याबरोबर मान पुन्हा तिकडेच गेली.

"दार," सासूबाई म्हणाल्या. "मेला आपलं दार बघतोय. तिंग्रीला."

"सकाळपासून तेच बघत होता," मामा म्हणाले. "आपल्याला नाही. वळत वळत घरी चालला होता बिचारा. भेग कशी आहे? त्याच्या नजरेला आडवी की उभी?"

"आडवी."

"या नदीच्या भेगा वाटेला आडव्याच असतात. मग त्याच्या नजरेकडे पाठ करा आणि चला. तिकडे खुंबू."

भेगेच्या कडेकडेनं चालत बुजलेली जागा शोधली. पुढे सासूबाई, काठीनं बर्फ ठोकत. कमरेला दोरी, दोरीचं दुसरं टोक माझ्या कमरेला, कीकुली माझ्या पाठीवर. गोकार सगळ्यांत मागे, झोमोच्याही मागे. दर शंभर पावलांनी मी थांबून मागे बघायची. पांढरं डोकं मागे वळलेलं असायचं, तिंग्रीकडे. म्हणजे आम्ही बरोबर होतो. दोनदा काठी आत गेली, दोनदा आम्ही मागे सरकलो, आणि प्रत्येक वेळी मला ती उशी दाबल्यासारखा आवाज ऐकू आला, झाला नसला तरी. अजूनही कित्येकदा झोपेत मला तो आवाज येतो.

दुपार कलताना पायाखाली दगड लागला. साधा, काळा, खडबडीत दगड. सासूबाई त्याच्यावर बसल्या आणि पहिल्यांदाच रडल्या.

घरी कुणी काही विचारलं की त्या सांगायच्या, "मीठ भेगेत गेलं." एवढंच. मला त्यांनी काहीच म्हटलं नाही. संपूर्ण हिवाळा मी टोमण्याची वाट बघितली. भाकरी करपली तरी नाही, दूध उतू गेलं तरी नाही. त्या गप्प राहण्याची मला जेवढी भीती वाटली, तेवढी त्यांच्या जिभेची कधी वाटली नव्हती. गोकार गोठ्यात नीट खात नसे. दाराशी उभा राहून उत्तरेकडे बघत असे.

उन्हाळ्यात खिंड उघडली, पहिला तांडा निघाला. त्या सकाळी सासूबाईंनी गोकारचं दावं माझ्या हातात दिलं.

"त्याला पोचवून ये. आपला लंगडा बरा झाला असेल तर घेऊन ये."

"हो."

"आणि दात बघितलेस, खूर बघितलेस. तिसरं राहिलंय. विचारून ये."

मी पुन्हा त्या बर्फावरून गेले. तांडा मोठा होता, वाट मोकळी होती, तरी सबंध हिमनदीवर माझी मूठ आपोआप वळत होती. गोकारनं मात्र एकदाही मागे बघितलं नाही.

गल्लीच्या टोकाला त्यानं दावं माझ्या हातातून हिसकलं आणि धावत जाऊन उंबऱ्यात डोकं घातलं. आतून डोल्करची किंकाळी आली. मी पोचले तेव्हा ती त्याच्या गळ्यात पडली होती. दाराशेजारी एक म्हातारी गाय बांधलेली होती. तिचंही डोकं पांढरं होतं. गेल्या वर्षीही ती तिथेच असणार.

तरीही मी विचारलं. "याची आई कोण?"

डोल्करनं गाईकडे बोट दाखवलं आणि मला वेड्यात काढल्यासारखी हसली. "दिसत नाही का?" म्हणाली. "ये, चहा घे."

मी उभ्याउभ्याच नको म्हटलं.

परत आले तेव्हा सासूबाई अंगणात लोकर विंचरत होत्या. कीकुली शेजारी बसली होती. त्यांनी मान वर केली नाही.

"आई?"

"गाय," मी म्हटलं.

"बरं," त्या म्हणाल्या. मग लोकरीचा एक पेळू माझ्याकडे सरकवला. "बस. आणि बटाट्यांकडे लक्ष ठेव, करपतील. तुझी सवय मला माहितीय."